कुसुमचा ‘क’ आणि सिमेंटचे हत्ती

आमच्या घरात सगळ्यात जास्त आवाज कुसुमचा. असं सांगितलं की पाहुणे हसत, कारण कुसुम, माझी धाकटी बहीण, जन्मापासून ठार बहिरी. पण आवाज म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्यानं तो कमी कसा करावा? ती तांब्या ठेवायची तो आदळून, दार लावायची ते चौकट हलवून, चालायची ती फरशीवर पाय घासत. आणि ती हसली की गोठ्यातली म्हैस चारा सोडून मान वर करायची. आई म्हणे, “हिला सोडून साऱ्या गल्लीला ऐकू येतं.” रागाने नव्हे, कौतुकानेच म्हणे. सकाळी जात्यावर बसली की आई कुसुमला मांडीशी घ्यायची आणि तिचा पंजा आपल्या गळ्यावर ठेवून ओवी म्हणायची. ओवी गळ्यात थरथरली की कुसुम डोळे मिटून घ्यायची. मी शेजारी चुलीपुढे शेकत बसून ते बघायची आणि मला तिचा हेवा वाटायचा, कारण मला ओवी नुसतीच ऐकू यायची.

आबा, माझे वडील, गुळव्या होते. देवळाली प्रवरेच्या आजूबाजूला उसाला तोटा नव्हता. कारखाने आले तरी ज्याच्या त्याच्या मळ्यात गुऱ्हाळं चालत आणि गूळ कधी उतरवायचा हे सांगायला आबांना बोलावणं येई. आबा काहिलीजवळ उभे राहत, डोळे बारीक करत आणि रसाच्या बुडबुड्यांचा आवाज ऐकत. आधी तो आवाज भाताच्या पेजेसारखा असतो, मग जड होत जातो, शेवटी एकेक बुडबुडा ‘फट्’ करून फुटतो. तो आवाज आला की आबा “उतरवा!” म्हणत. कुसुम सात-आठ वर्षांची झाली तेव्हा आबांच्या लक्षात आलं की आपण तोंड उघडायच्या आधीच ही पोरगी आपलं धोतर ओढते. ती बुडबुड्यांचा रंग बघून ओळखत होती. त्यानंतर आबा तिला बरोबरच नेऊ लागले. संध्याकाळी दोघं घरी यायची ती चुलवाणाच्या धुराचा आणि काकवीचा वास घेऊन, आणि कुसुमच्या केसांना गुळाचे खडे चिकटलेले असायचे. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढं ज्या लोकांनी कागदावर तिच्याविषयी दोन ओळी लिहिल्या, त्यांच्यातल्या एकालाही बुडबुडा बघून गूळ ओळखता आला नसता.

शाळेत मात्र कुसुमला मागच्या भिंतीशी बसवत. तिनं आवाज केला की छडी, म्हणून ती पाटीवर फुलं काढत दिवस घालवी. मग शेख गुरुजी बदलून आले. उंच, वाकलेले, दाढीचे खुंट पांढरे, सायकलला नेहमी एक पिशवी लटकवलेली. त्यांची आई बहिरी होती. लहानपणापासून आईशी तोंड दाखवून बोलायची सवय, म्हणून ते सगळ्यांशीच सावकाश, ओठ नीट हलवून बोलत. दोन उन्हाळे पदरमोड करून ते पुण्याला जाऊन अशा मुलांना बोलायला कसं शिकवतात ते बघून आले होते. पहिल्याच आठवड्यात ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि आईला म्हणाले, “वहिनी, ही मुकी न्हाई. हिला कुणी सांगितलंच न्हाई की बोलायचं असतं.”

शाळा सुटल्यावर शाळेच्याच व्हरांड्यात त्यांचा वर्ग भरे. आमची कुसुम आणि आसपासच्या वस्त्यांवरची तीन मुलं. त्यातला सुताराचा दगडू तर दोन कोस चालत यायचा. गुरुजी तळहातावर ज्वारीचं पीठ घेत आणि ‘प’ म्हणत. पीठ भुर्रकन उडायचं. ‘म’ म्हणताना मुलाचं बोट आपल्या नाकाच्या हाडावर ठेवत. दुष्काळाचं साल लागलं आणि आईनं हात जोडले, “आवो गुरुजी, पीठ कुठनं आणू फुकाया? खायालाच न्हाई हितं.” मग चुलीतली राख आली. राखेनं पोरांची तोंडं पांढरी व्हायची आणि ती चौघं एकमेकांकडे बघून असा काही गलका करायची की हेडमास्तर खिडकीतून डोकावून कपाळाला हात लावायचे.

कुसुमला सगळं आलं, ‘क’ येईना. ‘तुसुम’ म्हणायची. नेमकं स्वतःच्याच नावाचं पहिलं अक्षर जिभेवर चढेना. ‘क’ ओठांवर दिसत नाही, पीठही उडवत नाही, तो घशात आत कुठेतरी होतो. गुरुजींनी चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून बघितली, गळ्याला हात लावायला दिला, काही नाही. शेवटी त्यांनी तिला पाण्याची गुळणी करायला लावली. डोकं मागं, पाणी घशात, खळखळ. दिवसात दहा वेळा. दुष्काळात प्यायच्या पाण्याची गुळणी! शेजारची काकू बोलली, आई ऐकून घेत राहिली. आणि एक दिवस गुळणी करता करता पाणी संपलं आणि आवाज उरला. “क.” कुसुम दिवसभर प्रत्येक माणसाला, म्हशीला, रांजणाला ‘कुसुम’ म्हणत फिरत होती. आबांनी त्या दिवशी तिला खांद्यावर घेतलं, आणि ती काही तेवढी लहान राहिली नव्हती.

गुरुजींचं मागणं फार नव्हतं. एक खोली, मुलांच्या कानाला लावायचं एक यंत्र, आणि साठ पोरांच्या वर्गातून रोज दोन तासांची मोकळीक. माझं अक्षर चांगलं म्हणून अर्जाची पक्की प्रत मी लिहायची. सातवीत होते मी. तीन अर्ज गेले. तिन्हींचं उत्तर एका साच्यातलं आलं, की सदर बाबीसाठी तरतूद नाही. आईला मी वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, मिलोची. ती लाल परदेशी ज्वारी तेव्हा रेशनवर मिळायची, भाकरी तव्यावरच चिरायची आणि तोंडात भुशासारखी फिरायची. “तरतूद म्हंजी काय गं?” आईनं विचारलं. मी म्हणाले, म्हणजे आधीपासून बाजूला काढून ठेवलेलं. “मग काढलं न्हाई व्हय कुनी?” आई म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

ऊस वाळला होता, गुऱ्हाळं बंद होती. आबा इतर बापयांसारखे दुष्काळी कामावर जाऊ लागले. आधी बांधावर माती टाकायला, मग खडी फोडायला. मग एक दिवस ते हाताला सिमेंट लागलेलं घेऊन घरी आले. कालव्याकाठी एक सरकारी बंगला होता, मोठे लोक आले की उतरायचे. तिथे कुणी फार मोठे पाहुणे येणार होते, म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंना सोंड वर केलेले दोन हत्ती उभे करायचं ठरलं होतं. सिमेंटचे. दुष्काळी कामावरचीच माणसं तिकडे वळवली होती. “हत्ती?” आईनं दोनदा विचारलं. “व्हय, हत्ती,” आबा म्हणाले. “अन् हिरवळ बी लावत्यात. टँकर येतो तिला.” आमच्या गावात तेव्हा टँकर आठवड्याला एकदा यायचा आणि त्यात कुणाची ना कुणाची घागर फुटायची. आबा दगडानं घासून हातावरचं सिमेंट काढत होते. कुसुमनं खुणेनं विचारलं, हे काय? आबांनी दंड नाकाशी धरला आणि हात सोंडेसारखा वर केला. कुसुम खदखदून हसली. मग तिनं विचारलं, कुणाचा? आबांनी कचेरीच्या दिशेनं बोट केलं. त्या दिवसापासून आमच्या घरात सरकारची खूण ती झाली. तलाठी आला, सोंड. रेशनचं दुकान बंद, सोंड. मिलोत खडा लागला, तरी सोंड.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते मी त्या वर्षी डोळ्यांनी बघितलं. मला अजून शिसारी येते. राग येऊन जातो, पण हे पोटात राहतं. हत्तींना तरतूद होती. त्यांच्या नखांना पांढरा रंग द्यायलासुद्धा होती.

हत्ती बघायला येणाऱ्या साहेबांबरोबर शिक्षणाकडचे एक साहेबही येणार होते. गुरुजींनी हेडमास्तरांच्या मागे लागून त्यांची शाळेला भेट ठरवून घेतली. अर्ज वाचून कळत नाही, पण पोरं समोर बघितली तर दगडालाही कळेल, असं त्यांचं म्हणणं. आता, तेव्हाच्या शाळांत तपासणी म्हणजे काय हे सांगायला हवं. आठ दिवस आधी शेणानं अंगण सारवायचं, मोडकं बाक गावच्या देवळात नेऊन ठेवायचं, कच्च्या पोरांना त्या दिवशी “गुरं राखाया जा” म्हणून सांगायचं. साहेब काय विचारतील ते आधी ठरलेलं, उत्तर देणारी पोरं ठरलेली. आणि भलतंच काही विचारलं तर सगळ्या वर्गानं एका सुरात ‘होय साहेब’ म्हणायचं. आम्ही पहिलीपासून यातच वाढलो. तपासणीला खरं दाखवायचं असतं हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

शेख गुरुजी मला मुद्दाम बाजूला घेऊन म्हणाले, “सिंधू, हिच्याकडनं काही पाठ करून घेऊ नको. हिला काय येतं ते दिसू दे, अन् काय येत न्हाई ते बी दिसू दे. येत न्हाई म्हणून तर मागतोय आपण.” मी मान हलवली. आणि त्याच दिवशी दुपारपासून गोठ्यामागे नेऊन मी कुसुमला घोकवायला लागले. माझी बहीण साहेबांपुढे अडखळणार? लोक हसणार? मला ते सहन होण्यासारखं नव्हतं. मी तीन वाक्यं ठरवली आणि तीन खुणा. मी कानाला हात लावला की “माझं नाव कुसुम.” वेणीला लावला की “मी दुसरीत शिकते.” आणि छातीला लावला की “होय साहेब.” प्रत्येक बरोबर वाक्याला भाजलेल्या हरभऱ्याचे चार दाणे. ते दाणे मी माझ्या वाटणीतले देत होते, याचा मला फार अभिमान होता.

त्या दिवशी सकाळी हेडमास्तरांनी दगडूला आणि बाकीच्या दोघांना फाटकातूनच परत पाठवलं. “लई आरडतात,” ते गुरुजींना म्हणाले, “साहेबांपुढं शोभा नको. तुमची ती चांगली बोलनारी एकच दाखवा.” दोन कोस चालून आलेला दगडू दोन कोस परत गेला. गुरुजींचा चेहरा राखेसारखा झाला होता.

साहेब आले ते घाम पुसत, पानाचा तोबरा भरून. हेडमास्तरांच्या घरून कोंबडीच्या रश्श्याचा वास व्हरांड्यापर्यंत येत होता आणि साहेबांचं नाक तिकडेच. सगळ्या पोरांचं पोट त्या वासानं पिळवटत होतं, कारण कित्येक महिन्यांत गावात कोंबडी कापल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. कुसुमला पुढं उभं केलं. मी साहेबांच्या पाठीमागे खिडकीत. पानामुळे साहेबांचे ओठ धड हलत नव्हते, कुसुमला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नसणार. ती माझ्याकडेच बघत होती.

“नाव काय तुझं?” मी कानाला हात लावला. “माझं नाव कुसुम.” ‘क’ असा खणखणीत आला की माझ्या अंगावर काटा आला.

“अरे वा! कितवीत?” मी वेणी धरली. “मी दुसरीत शिकते.”

साहेब कौतुकानं हसले, हेडमास्तर त्याहून मोठ्यानं हसले. त्या हसण्यात साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो पुरता कानावर पडायच्या आत माझा हात छातीशी गेला. तपासणीत तिसऱ्या प्रश्नाला ‘होय साहेब’ असतं, एवढंच माझ्या हाताला ठाऊक.

साहेब विचारत होते, “ऐकू येतं का गं तुला?”

“होय साहेब,” कुसुम म्हणाली.

“मग?” साहेब गुरुजींकडे वळले. “बोलते, ऐकते. हिला कसली खोली नि कसलं यंत्र? गुरुजी, चांगल्या पोरीला मुकी ठरवताय की काय?”

“साहेब, एक मिनिट,” गुरुजी पुढं आले. “तुमी तिच्या मागं उभं राहून हाक मारा. एकदाच. आन् बाकीची तीन पोरं अजून रस्त्यात असतील, मी सायकलनं आणतो.” पण साहेब उठलेच होते. हेडमास्तर “पानं वाढली हायत साहेब” म्हणत त्यांना पुढे घालून नेत होते. जाता जाता त्यांनी शेरेबुकात लिहिलं. मी नंतर ते वाचलं, आणि अजून ते मला त्यांच्या अक्षरासकट दिसतं. मुलगी स्पष्ट बोलते व ऐकते. वेगळ्या सोयीची आवश्यकता दिसून येत नाही.

कुसुम धावत माझ्याकडे आली आणि हात पसरला. तिला हरभरे हवे होते, बारा दाणे.

गुरुजींनी खिडकीत मला बघितलं होतं. संध्याकाळी मी त्यांच्यापुढे उभी राहिले ती खाली मान घालून. ते बराच वेळ सायकलची साखळी पुसत राहिले. मग म्हणाले, “तुला मारलं असतं मी. पण तुला खोटं कुनी शिकवलं? आमीच की. दर वरसाला शिकवतो.” त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. पुढं वय वाढलं तसं वाटू लागलं, तेरा वर्षांच्या पोरीनं एक खूण चुकीची केली म्हणून चार मुलांचं तोंड बंद होत असेल, तर त्या पोरीला झोडपून काय मिळणार? ज्याला बघायचंच नव्हतं त्याला मी फक्त निमित्त दिलं. पण हे मी दिवसा म्हणते. दगडूची पाठमोरी चाल आठवली की ते म्हणणं टिकत नाही.

दोन महिन्यांत गुरुजींची बदली झाली, राजूरला, तिकडे डोंगरात. हेडमास्तरांच्या कामात अडथळा, असं काहीतरी कारण. निघताना ते घरी आले. आईनं मिलोची भाकरी आणि ठेचा वाढला, दुसरं काही नव्हतं. त्यांनी कुसुमला एक हातातला आरसा दिला आणि तिच्यापुढे बसून सावकाश ओठ हलवत सांगितलं, “रोज. यात. बघून. बोल.” कुसुमनं विचारलं, तुम्ही उद्या या? गुरुजींनी नाही म्हटलं. तिनं दंड नाकाशी नेऊन सोंड वर केली. गुरुजींना ती खूण ठाऊक नव्हती, मी अर्थ सांगितला. ते हसले, आणि मग सायकलची पिशवी उगाचच सोडून पुन्हा बांधत बसले.

आरशात बघून एकटं माणूस किती दिवस बोलणार? वर्षभरात शब्द एकेक करून गळाले. आधी ‘भाकरी’ गेली, मग ‘आबा’. आबांना त्याचं फार लागलं. ते मुद्दाम तिच्यापुढे बसून तोंड उघडून दाखवत, पण शिकवणं ही वेगळी विद्या आहे, ती प्रेमाने येत नाही. उरली ती मी घोकवलेली तीन वाक्यं. हरभऱ्याच्या दाण्यांवर पक्की झालेली ती वाक्यं तेवढी गेली नाहीत. मोठेपणीसुद्धा टेबलामागे पेन घेतलेला माणूस दिसला की कुसुम आपणहून म्हणायची, “होय साहेब.” रेशनवाला, पोस्टमन, जमिनीच्या वाटणीच्या वेळचा कारकून, सगळ्यांना. वाटणीत ज्यांना त्याचा फायदा घ्यायचा त्यांनी तो घेतलाच.

परवा, म्हणजे मागच्या हिवाळ्यात, मी तिला अपंगत्वाच्या दाखल्याच्या शिबिराला घेऊन गेले. दाखला असला तर महिन्याला काहीतरी मिळतं. वाटेत तो कालव्याकाठचा बंगला लागतो. बंगला पडलाय, हिरवळीवर बाभळी आहेत, एका हत्तीची सोंड तुटून आतली सळई बाहेर आलीय. कुसुमनं रिक्षातून तिकडे बघितलं आणि सोंडेची खूण केली, पण निम्मीच, कोपरापर्यंत. रिक्षावाल्यालाही हसू आलं. मला नाही आलं. मी वाटभर तिला एकच समजावत होते, ओठांवर बोट ठेवून. आत गेल्यावर बोलायचं नाही. काही झालं तरी नाही.

डॉक्टरांची तपासणी झाली. शेवटचं टेबल कारकुनाचं. पोरगाच होता, खाली मान घालून शिक्के मारत होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, “ऐकू येतं का आजी?” कुसुमनं त्याच्या हातातलं पेन बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. खूण काय, असं विचारत होती ती. मी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले. तिचे ओठ हलले, ‘हो’साठी गोल झाले, आणि मिटले. शिक्का बसला. माझी बहीण बहिरी आहे हे सरकारला पटायला पन्नास वर्षं लागली आणि तेही ती गप्प बसली म्हणून पटलं. त्या कागदाला हात लावताना मला किळस आली. सरकारची आली, आणि मी काही त्यातून स्वतःला वगळत नाही.

बाहेर पायरीवर कुसुमनं माझी बाही ओढली. स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि ते काढून माझ्याकडे बघितलं. आता बोलू का?

मी हो म्हटलं. रांगेतली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, “माझं नाव कुसुम.” ‘क’ अगदी स्पष्ट आला.